पेटीतलं जांभळं लुगडं

आई,

तोक्योला निघायच्या दिवशी सकाळी मी तुझ्या पेटीला कुलूप लावलं. पूजा आटोपली होती, विमानतळावर जायला अजून वेळ होता. तुझी सून स्वयंपाकघरात वाटेसाठी दशम्या गुंडाळत होती आणि तुझी नात, बॅगेची चेन लागत नाही म्हणून, बॅगेवर चढून बसली होती. मी आवाज न करता बेसमेंटमध्ये उतरलो. तिथे घर तापवायच्या फर्नेसच्या पलीकडे, विंटर टायर्सच्या शेजारी, तुझी लहान लाकडी पेटी असते. तेराव्यानंतर मी ती गावाहून कॅनडात आणली तेव्हा विमानात तिचा कोयंडा तुटला, आणि मग इतकी वर्षं ती नुसतीच मिटलेली होती. त्या आठवड्यात मी हार्डवेअरच्या दुकानातून नवा कोयंडा आणून बसवला. कुलूप घातलं, ओढून पाहिलं, किल्ली जानव्याला बांधली आणि वर आलो. सुनेने विचारलं, "खाली काय करत होता?" मी म्हटलं, "हीटर बघत होतो." बाहेर जुलै महिना होता. कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून शेजाऱ्यांच्या दारांवर लाल-पांढरे झेंडे लागले होते आणि आमचं सगळं व्हिटबी गाव घामाघूम झालं होतं. सून पुन्हा दशम्यांकडे वळली.

पेटीत तुझं एकच लुगडं आहे. मी पोचलो तेव्हा तुला नेऊन झालं होतं. बाकीची लुगडी आत्याने रीतीप्रमाणे गावातल्या बायकांना वाटून टाकली होती. हे जांभळं इरकली, तांबड्या पदराचं, तू गौरींना आणि लग्नकार्यात नेसायचीस, ते तेवढं तिने मागे ठेवलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, "हे तू ने. तिकडं थंडी फार असते." नऊवार लुगडं आणि तिकडची थंडी यांचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. सून तेव्हा पोटुशी होती. म्हणजे तू नातीला पाहिलं नाहीस आणि नातीने तुला. तिच्यासाठी तू म्हणजे देवघराच्या वर लावलेला एक फोटो, आणि तोही काळा-पांढरा.

तोक्योला गेलो त्याच वर्षी मे महिन्यात नात वॉटर्लूहून, तिच्या युनिव्हर्सिटीतून, सुट्टीला आली होती. डिशवॉशर भरताभरता म्हणाली, "बाबा, आजीची ती पर्पल साडी मी घेऊ? मला त्याची हूडी करायचीय." मी म्हटलं, "साडी नाही, लुगडं आहे ते." ती म्हणाली, "ओके, लुगड्याची हूडी." मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ काय होतो हे तिला लहानपणापासून माहीत आहे. ती भांडेल असं वाटलं होतं. ती भांडली नाही, नुसती मान हलवून वर निघून गेली. तिथेच माझ्या मनात किडा वळवळला. मोटारींचे सुटे भाग तपासणं हे माझं काम आहे. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. जो भाग पहिल्या झटक्यात पास होतो, तो मी बाजूला काढून पुन्हा मोजतो. मुलगी गप्प बसली म्हणून मी कोयंडा आणला.

ती कशी दिसते हे तुला सांगायला हवं. अर्धे केस आपले काळे आणि अर्धे कण्हेरीच्या फुलासारखे गुलाबी. भर उन्हाळ्यात पायांत जाड काळे बूट. पाठीवर वटवाघळाच्या पंखांची पिशवी, आणि त्या पिशवीला लोंबणारी सशाची पिल्लं. आमच्या मंडळाच्या संक्रांतीला एका डॉक्टर काकूंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी ठीक आहे म्हटलं, पण घरी येईपर्यंत गाडीत मला तोच प्रश्न पडला होता. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, को-ऑपच्या, म्हणजे शिकता शिकता करायच्या नोकरीत तिने स्वतःच्या पैशांनी तिकीट काढलं. तिला तोक्योच्या आणि सोलच्या रस्त्यांवर तिच्यासारखे कपडे घालणारी माणसं बघायची होती, दुकानं बघायची होती. सुनेला हॉस्पिटलच्या नोकरीतून रजा मिळेना. एकटीला कशी पाठवायची म्हणून मी गेलो. सून दारात म्हणाली, "अहो, लक्ष ठेवा, पण तिच्या डोक्यावर बसू नका."

मी लक्ष ठेवलं. हाराजुकू नावाचा एक भाग आहे, तिथे एक अरुंद गल्ली आहे, आणि त्या गल्लीत आपल्या जत्रेत असते तेवढी गर्दी रोजच असते. दुकानांतून लेस लोंबतेय, पायमोज्यांवर डोळे छापलेत, झालरींचे झगे आहेत, आणि ते घालून फिरणाऱ्या मुली पंचवीस-पंचवीस वर्षांच्या आहेत. एका दुकानात गुलाबी अस्वलं टांगली होती, त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी आणि हातात इंजेक्शन. मला ते बघवेना. आजारी पोराला कुणी गुलाबी रंग फासावा तसं वाटलं. मी तिला विचारलं, "हे गोंडस आहे की भयानक?" ती म्हणाली, "बोथ. दॅट्स द पॉइंट, बाबा." तिथल्या गोडपणावर माझा विश्वास बसेना. यामागे कुणाला तरी काहीतरी विकायचं आहे, एवढंच मला कळत होतं.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. ती काही विकतच घेत नव्हती. एवढ्या लांब आलेली मुलगी दुकानामागून दुकान हिंडते, जॅकेट हातात घेते, ते उलटं करते, आतली शिवण बघते, टोपी कुठे जोडली आहे तिथे बोट फिरवते, फोटो काढते आणि परत टांगून ठेवते. मी विचारतो, "आवडलं नाही?" ती म्हणते, "आवडलं ना." "मग घे." "नको." मी बाहेरच्या कट्ट्यावर बसून पाहत असतो. खिशात डोळ्यांवरच्या चश्म्याची जुनी डबी, तीत कुलस्वामिनीचा टाक, आणि बनियनच्या आत किल्ली छातीला टोचते. मला सगळं कळून चुकलं होतं. ही खरेदीला आलेली नाही. ही शिकायला आलीय, आणि कापायचं ते कापड माझ्या बेसमेंटमध्ये आहे.

त्या दिवशी परतताना आगगाडीत आमच्यासमोर एक शाळकरी मुलगी बसली होती. तिच्या दप्तरावर ससे, बेडूक आणि एक पोपट लटकत होता. पोपट पाहून मला हसू आलं. नात म्हणाली, "काय?" आणि मी विचार न करता तिला माझ्या दप्तराची गोष्ट सांगितली. तुला आठवत असेल. तिसरीत गेलो तेव्हा सगळ्यांना खाकी दप्तरं होती आणि मला तू तुझ्या जुन्या लुगड्याच्या काठाचं शिवून दिलंस, वर हिरव्या दोऱ्याने पोपट काढलास, त्याच्या डोळ्याला तांबडं बटण लावलंस. शाळेत पोरं वाटच बघत होती. "काय गं, माहेरी निघालीस का?" असं मला विचारायची, आणि एकजण तर पुढे होऊन ओटी भरायची नक्कल करायचा. मी रडत घरी आलो. तू चुलीपुढे भाकरी थापतेयस. मी म्हणतोय, मला बाईचं दप्तर नको. तू मागे वळून न बघता विचारतेस, "पुस्तकं गळतात का त्यातनं?" मी म्हणतो, "नाही." "मग झालं तर. हात धू आणि जेवायला बस." एवढंच. समजूत नाही, कुरवाळणं नाही. सातवीपर्यंत मी तेच दप्तर नेलं. पाचवीपासून कुणी हसत नव्हतं, उलट पोपटाचं बटण तुटलं तेव्हा त्या ओटी भरणाऱ्यानेच आपल्या सदऱ्याचं काढून दिलं होतं.

नात डोळे मोठे करून ऐकत होती. म्हणाली, "बाबा, दॅट इज लिटरली कवाई. आजी वॉज सो अहेड." कवाई म्हणजे तिकडच्या भाषेत गोंडस. मग खिडकीबाहेर बघत, अगदी सहज आवाजात म्हणाली, "सो आजीने स्वतःचं लुगडं कापलं."

मी सावध झालो. "ते जुनं झालं होतं."

"हे पण जुनंच आहे ना?"

"तू स्टेशन बघ, आपलं जाईल."

दुसऱ्या दिवशी ती मला एका लांबच्या भागात घेऊन गेली. तिथे जुन्या कपड्यांची दुकानं होती. मला ते आवडलं नाही. वापरलेले कपडे, ते कुणाचे, त्या माणसाचं पुढे काय झालं, काही ठाऊक नाही. एका छोट्या दुकानात जुने किमोनो होते आणि काही जॅकेटं, तीही किमोनो कापून शिवलेली. एकाला टोपी होती. काळ्या कापडाची, पाठीवर रेशमी बगळे. नातीने ते पाहिलं, पण हात लावला नाही. तिने एक साधा काळा किमोनो उचलला, अंगावर चढवला आणि आरशापुढे उभी राहून पुढून गुंडाळला. गल्ल्यामागची म्हातारी बाई एकदम उठली. "नो, नो," म्हणत आली. तिने नातीचे दोन्ही हात बाजूला केले, उजवी बाजू वर आली होती ती आत घातली आणि डावी तिच्यावर आणली. मग नीट समजावं म्हणून स्वतःची उजवी बाजू वर आहे असं हाताने दाखवलं, डोळे मिटले, हात जोडले आणि मान एका बाजूला टाकली. मेलेलं माणूस. मग डोळे उघडले, डावी बाजू वर दाखवली आणि जागच्या जागी दोन पावलं चालून दाखवलं. जिवंत.

आई, मला कुणी सांगायची गरजच नव्हती. मला आधीच कळलं होतं. मी पुढे झालो, सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि जानवं बाहेर ओढलं. डाव्या खांद्यावर हात ठेवून वर बोट केलं, देव. मग उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हातारीसारखेच डोळे मिटून मान टाकली. तिला इतका आनंद झाला की तिने टाळी वाजवली. "सेम, सेम," म्हणाली. नात म्हणाली, "वेट, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही." मी म्हटलं, "तू कधी विचारलं नाहीस." त्या क्षणी मला फार बरं वाटत होतं. परक्या देशात एका परक्या बाईशी माझं एकाही शब्दावाचून बोलणं झालं होतं.

मग नात म्हणाली, "ती किल्ली कसली?"

जानव्याबरोबर किल्ली बाहेर आली होती आणि सदऱ्यावर लोंबत होती.

"घरची आहे."

"घराला कीपॅड आहे, बाबा."

तिने किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तंबू काढायला बेसमेंटमध्ये गेले तेव्हा तो नवीन लॅच बघितला मी. मला वाटलं, तुम्ही पेटी रिपेअर करताय." आणि मग हळू आवाजात, "यू लॉक्ड आजी अप?"

तिने मला चोर म्हटलं असतं, खडूस म्हटलं असतं, तर मी उत्तर दिलं असतं. या प्रश्नावर मी उलट तिलाच विचारलं, "तू मला इथे मुद्दाम आणलंस ना? हे जॅकेट दाखवायला?"

"ऑफ कोर्स मुद्दाम आणलं. तुम्ही ऐकत नाही, म्हटलं निदान बघाल. आणि तुमचे स्क्रू बाहेरच्या बाजूला आहेत. बटर नाइफने निघाला असता तो लॅच. मी काढला नाही." तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता, अगदी तुझ्यासारखा. "सगळ्यांकडे आजीचं काहीतरी आहे. कुणाकडे रेसिपी, कुणाकडे आवाज. माझ्याकडे एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. मला ती साडी शोसाठी नकोय. मला ती घालून बसने क्लासला जायचंय."

म्हातारी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. विषय बदलावा म्हणून मी नातीच्या फोनवर तिला विचारलं, हे सगळे कपडे मेलेल्या बायकांचे आहेत का? फोन जपानीत बोलला. ती हसली आणि फोनमध्ये काही म्हणाली. फोनने इंग्रजीत सांगितलं: काही मेल्या, काही जाड झाल्या. मग मी विचारलं, कापताना काही वाटत नाही? ती म्हणाली, तसेच ठेवले तर ते घडीवरच फाटतात. मला ते दुकानदाराचं बोलणं वाटलं. माल खपवायला कुणीही असंच म्हणेल. मी आभार मानले आणि बाहेर पडलो. नातीने काही घेतलं नाही.

सोलला मात्र तिने खरेदी केली. कापडाच्या एका मोठ्या बाजारात जाऊन तिने एक लांब पितळी चेन घेतली, जांभळ्या दोऱ्याची रिळं घेतली आणि पोपटी रंगाची बटणं. मी विचारलं, "हे कशासाठी?" ती म्हणाली, "बघू."

घरी आल्यावर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. सप्टेंबरात तुझं श्राद्ध आलं, पितृपंधरवड्यात. मी स्वयंपाकघरात पाट मांडून बसलो, जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, तीळ सोडले, तुझं नाव घेतलं. दर वर्षी करतो. पण या वेळी हात मध्येच थांबला. मला म्हातारीची ती बाजूला टाकलेली मान दिसली. इतकी वर्षं मी तुझ्यासाठी जे जे केलं ते सगळं जानवं उजवीकडे घेऊनच केलं होतं. वर्षातून एकदा तू उजव्या खांद्यावर येतेस, पिंडाला नमस्कार होतो, कावळा इथे मिळत नाही म्हणून घास मागच्या अंगणात ठेवतो, तो खार नेते, आणि मग तू परत पेटीत. जिच्या दप्तराचा पोपट मी पाच वर्षं पाठीवर वागवला, ती बाई माझ्याकडे फक्त मेलेलीच राहिली होती. श्राद्ध मी पूर्ण केलं, त्यात कसूर केली नाही. पण किल्ली तरीही सोडवली नाही. मुलगी गप्प होती, आणि गप्प मुलीवर माझा अजून विश्वास नव्हता. ती आली की मी जाऊन कोयंड्याचे स्क्रू बघायचो. ते जसेच्या तसे असायचे.

फेब्रुवारीत तिला रीडिंग वीकची, म्हणजे अभ्यासासाठी आठवडाभराची सुट्टी असते. काल ती आली. रात्रभर बर्फ पडलं, सकाळी मी ड्राइव्हवे शोव्हल केला, अंघोळ केली, पूजा केली आणि खाली गेलो. कुलूप उघडलं. वरचा कागद काढला. डांबरगोळ्यांचा वास आला, आणि त्याखाली, का कोण जाणे, मला धुराचा वास आल्यासारखं वाटलं. लुगडं अंग धरून होतं, सूत चांगलं होतं. मी ते टेबलावर नेऊन उलगडलं, आणि पदर उलगडताना तो घडीवर उघडला. म्हणजे फाटला. कुणी ओढला नव्हता. जिथे जिथे घडी होती तिथे तिथे तांबडं रेशीम सरळ रेषेत तुटलं होतं, पट्टी धरून कापावं तसं. मी ज्या कात्रीच्या भीतीने कुलूप लावलं होतं, ती इतकी वर्षं आतच चालत होती. म्हातारी माल खपवत नव्हती.

मी नातीला हाक मारली. ती गुलाबी केस विस्कटलेले, पायांत मांजराचे मोजे, अशी जिन्यावरून खाली आली आणि टेबलाशी थांबली. लुगड्याला हात लावू की नको असं तिला झालं. मग तिने एक बोट काठावरून फिरवलं, आतून-बाहेरून, तिकडे दुकानात फिरवायची तसं. मी म्हटलं, "पदर गेला."

"नाही गेला. या रेषा शिवणीत जातील. बॅकला पॅनेल करू." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, आर यू शुअर?"

"नाही. पण कात्री आण."

तुझी सून दारात येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "हीटर बघून झाला का?" नात हसत सुटली आणि हसता हसता तिने नाक लुगड्याला पुसता पुसता वाचवलं. तिने खडूने रेघ आखली. कात्री हातात घेतली आणि मग ती माझ्यापुढे धरली. म्हणाली, "फर्स्ट कट तुम्ही." ही हूडी पुढून बंद करताना कुठली बाजू वर घ्यायची, हेही तिने विचारलं. मी सांगितलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट तेवढी लिहून ठेवतो. कात्री लावण्याआधी माझा हात सवयीने खांद्याकडे गेला होता. तुझं काही करायचं म्हणजे जानवं उजवीकडे घ्यायचं, एवढंच त्या हाताला ठाऊक होतं. मी तो हात खाली घेतला. जानवं डाव्या खांद्यावरच राहू दिलं, आणि तुझं लुगडं कापलं.